फाटकावरचं पिवळं फडकं

१

तोशी कामेदा गेल्या त्या बुधवारी रात्री, असं डॉक्टर म्हणाले. पण गुरुवारी सकाळी त्यांच्या फाटकावर पिवळं फडकं लागलेलं होतं. शुक्रवारीही होतं आणि शनिवारीही. संध्याकाळी कुणीतरी ते सोडून, घडी करून टपालपेटीत ठेवत होतं.

शनिवारी सकाळी त्यांचा पुतण्या नाओया पीच घेऊन आला आणि दार उघडल्यावर पिशवी तिथेच टाकून पळत सुटला. टेकडीच्या पायथ्याशी पहिलं घर मित्सुयो सेकीचं. तिच्या पडवीत येऊन तो बसला आणि टेकडीकडे नुसतं बोट दाखवत राहिला.

मित्सुयोने आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर नगरपालिकेने तिच्या गळ्यात एक बिनपगारी काम मारलं: टेकडीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायची. तिचा नवरा वारला होता, मुलगी ओसाकात. स्वतः एकटी असलेल्या बाईला एकट्यांची चौकशी करायला लावायचं, यात कुणाला काही गमतीचं वाटलं नाही. तिलाही आता वाटेनासं झालं होतं.

फडक्याची युक्ती गावप्रमुख इनाबांची. एकट्या माणसाने सकाळी फाटकावर पिवळं फडकं बांधायचं आणि संध्याकाळी काढायचं. फडकं दिसलं की माणूस ठीक आहे. त्यामुळे उगाच दार वाजवून कुणाला अवघडवायला नको. गावाला युक्ती फार आवडली. दुसऱ्याला त्रास न देता जिवंत राहण्याची सोय या गावाला आवडणारच.

गुरुवारी आणि शुक्रवारी मित्सुयो टेकडीवर गेली होती. वळणावरूनच तिने फडकं पाहिलं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढच्या वाडीला गेली. शनिवारी मात्र ती फाटकाशी बराच वेळ उभी राहिली, कारण आत मेलेली बाई होती आणि फडकं वाऱ्यावर मजेत हलत होतं.

२

"काटकसर नडली," पोलीस चौकीचा होंजो कागदी पंख्याने वारा घेत म्हणाला. तो जाडजूड होता आणि त्या उन्हात मेणासारखा वितळत होता. "वादळात विजेचे मनोरे पडले, आठवडाभर अंधार. मंगळवारी संध्याकाळी वीज आली. लगेच गावप्रमुख भोंग्यावरून ओरडायला लागले की वीज अपुरी आहे, जपून वापरा. म्हातारीने मनावर घेतलं. खिडक्या बंद, एसी बंद. बुधवारी तर चाळीसला टेकला होता पारा."

"तोशी-सान आणि काटकसर?" मित्सुयो म्हणाली. "अहो, जून लागला की त्यांचा एसी सुरू. मी गेले की माझे गुडघे गारठायचे. स्वेटर घेऊन जायची मी."

"मग?"

"मग खटका बघा की."

दाराच्या वर, छताला लागून, घराचा मुख्य खटका होता. तो खाली पाडलेला होता. सगळ्या घराची वीज बंद. शेजारीच नगरपालिकेचं पत्रक चिकटवलेलं होतं, तसं ते गावातल्या प्रत्येक दारात होतं. भिजलेल्या तारांतून अचानक वीज आली तर आग लागते, म्हणून वादळात घर सोडताना खटका पाडा, असं त्यात लिहिलं होतं.

होंजोने मान वर करून पाहिलं आणि पंखा थांबवला. "चार फूट सात इंचांची बाई, त्यातून पाठ वाकलेली. हिचा हात तिथे पोचणारच नाही."

"नाही पोचणार."

"म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पाडला. आणि दुसऱ्याच कुणीतरी मेल्यावर फडकं लावत राहिलं, म्हणजे कुणाला संशय नको." त्याने आवाज खाली आणला. "किल्ली कुणाकडे असते सेकी-सान?"

किल्ली नाओयाकडे असते, हे सगळ्या टेकडीला माहीत होतं. काकूच्या घरामागच्या उतारावर सौरपट्ट्या बसवायला जमीन मागून तो थकला होता, आणि त्यावरून मे महिन्यात झालेलं भांडण तर खालच्या बंदरापर्यंत ऐकू गेलं होतं. नाओया मित्सुयोच्या वर्गात शिकलेला. सुईत दोरा ओवता येईना म्हणून रडणारा पोरगा तो.

३

गावप्रमुख इनाबा उंच, टापटीप आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलेले. मित्सुयोने सरळच विचारलं, "फडकं तुम्ही लावलंत का?"

"मी?" इनाबांचा आवाज चढला. "मी कशाला लावू?"

"पुढच्या महिन्यात जिल्ह्याची माणसं तुमची योजना बघायला येणार आहेत ना. फडकं चुकलेलं घर नको होतं तुम्हाला."

"सेकी-सान, तुम्ही माझ्यावर..." ते लालबुंद झाले. मग एकदम खुर्चीत बसले. "गेला आठवडाभर मी टेकडी चढलोच नाही. मोपेड वादळात पडली. खालूनच बघत होतो, दुर्बिणीतून. कुणाला सांगू नका."

मित्सुयोला हसू आवरेना. हा माणूस दुर्बीण लावून पिवळी फडकी मोजत होता!

"तोशी-सानना मी आधीच सांगितलं होतं," इनाबा आता गरिबासारखे म्हणाले. "वसंतात दोनदा विसरल्या त्या फडकं. नियम आहे, तिसऱ्यांदा विसरलं की वृद्धाश्रमाची शिफारस. त्या काय म्हणाल्या माहितेय? इनाबा-सान, मला इथून उपटलंत तर मी रुजायची नाही कुठे. पण नंतर एकदाही चुकल्या नाहीत हो."

एकदाही नाही! मित्सुयोच्या मनात पाल चुकचुकली. ब्याऐंशी वर्षांची विसरभोळी बाई, आणि एप्रिलनंतर एकदाही नाही?

घरी परतताना तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती रस्त्यातच थांबली. पाठीला बाक असल्यामुळे तोशी-सान फडकं फाटकाच्या खालच्या आडव्या दांडीला बांधायच्या. गुरुवारी ते वरच्या दांडीला होतं. तिने ते पाहिलंही होतं आणि मनात म्हणाली होती, वा, पाठ सुधारली वाटतं बाईंची! पाठ सुधारली म्हणे. बघूनही न बघण्याची ही कला तिला कुठून आली, कुणास ठाऊक.

४

टेकडीच्या टोकाला दोनच घरं होती, समोरासमोर. एक तोशी-सानचं, दुसरं हिरातांचं. बाकीची वस्ती वेळूच्या बनापलीकडे खाली होती, इथून दिसत नसे. रस्त्यावरच्या एकुलत्या दिव्यावर वादळात वेळू कोसळले होते आणि दोन्ही घरांच्या कौलांवर निळी ताडपत्री होती. हिराता-सानची बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. पूर्वी मासेमारीच्या बोटीवर असलेला हा माणूस अंगाने सरळ आणि बोलायला काटकसरी होता. गावाच्या भोंग्यावरून आलेली सूचना पाळणारा गावात एकच माणूस असेल तर तो हा.

मित्सुयो पोचली तेव्हा होंजो त्यांच्या ओट्यावर जवाचा थंड चहा पीत होता.

"तुम्ही रोज समोर बघता. काही दिसलं का?"

"दिवा दिसला," हिराता म्हणाले.

"कुठे?"

"तिच्या खिडकीत. रोज अंधार पडला की लागायचा. म्हटलं, ठीक आहे बाई."

"बुधवारी?"

"हो."

"गुरुवारी? शुक्रवारी?"

"हो म्हटलं ना. काल संध्याकाळीसुद्धा."

होंजोचा पेला हातातच राहिला. मेलेल्या बाईच्या घरात दोन रात्री कुणी दिवा लावला? आणि शनिवारी खटका खाली होता. म्हणजे शुक्रवारी रात्री घरात वीज होती आणि शनिवारी कुणीतरी ती तोडली. शनिवारी घरात शिरलेला माणूस एकच होता.

"हिराता-सान, नीट आठवून सांगा," मित्सुयो म्हणाली. "चंद्र असेल. काचेवर चमकला असेल."

"चाळीस वर्षं समुद्रावर काढली मी. दिवा आणि चंद्र कळत नाही होय मला?" ते दुखावले होते.

होंजो उठला. "नाओयाला उद्या सकाळी जिल्ह्याला नेतो," तो म्हणाला. "वाईट वाटतं, पण इलाज नाही."

५

नाओया मित्सुयोच्या पडवीत तसाच बसलेला होता. पीचच्या रसाने त्याच्या बुटाला मुंग्या लागल्या होत्या.

"खटका पाडलास का तू?" तिने विचारलं.

"नाही बाई."

"शपथ घे."

"तुमच्या समोर बसून खोटं बोललोय का कधी? वादळाच्या दिवशी मी नागोयात होतो. अग्निशमनवाल्यांनी काकूला शाळेच्या व्यायामशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच चालत परत आली. माझ्या घोरण्याने लोकांना त्रास होतो, असं म्हणाली म्हणे. मी फोन केला तर बंद. आठवडाभर बंद." त्याने डोळे पुसले. "यायला हवं होतं मी. रस्ता बंद होता हे खरं. पण रुसलोही होतो, हेही खरं."

"तुला सापडल्या तेव्हा कुठे होत्या त्या?"

"खिडकीपाशी. बसल्याजागीच कलंडली होती. कानातलं यंत्र टेबलावर होतं, चार्जिंगच्या डबीत."

कानाचं यंत्र! विजेवर भरणारं यंत्र वीज नसल्यामुळे मेलं होतं. म्हणजे आठवडाभर तोशी-सानना ना भोंगा ऐकू आला, ना वीज आल्याची घोषणा. मित्सुयोने चपला सरकवल्या आणि ऊन डोक्यावर घेऊन ती पुन्हा टेकडी चढू लागली.

तिने आधी बाग पाहिली. पायवाटेच्या कडेला जमिनीत खोचलेले छोटे सौरदिवे होते. दिवसा ऊन खायचं, अंधार पडला की आपोआप पेटायचं, असे ते स्वस्तातले दिवे. वादळाने ते आडवे केले होते, पण कुणीतरी पुन्हा नीट रांगेत खोवले होते. रांगेत एका ठिकाणी नुसतंच भोक होतं.

ती आत गेली. खिडकीच्या कठड्यावर, कोरफडीच्या कुंडीत, तो हरवलेला दिवा खोचलेला होता. दिवसा तो शोभेच्या वस्तूसारखा दिसत होता, म्हणून सकाळपासून कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. अंधाराच्या आठवड्यात तोशी-साननी तो घरात आणला होता. त्या गेल्या, आणि दिवा रोज ऊन खाऊन रोज संध्याकाळी पेटत राहिला. हिराता-सान खोटं बोलले नव्हते.

आता खटका राहिला. ती दारात उभी राहून वर बघत राहिली, मग खाली बघत राहिली. छत्र्यांच्या खुंटीवर छत्रीच्या जोडीला बांबूची पाठ खाजवणी लटकत होती. पाठ खाजवणी बिछान्यापाशी असते, दाराशी नसते. मित्सुयोने तिचा वाकडा पंजा वर धरला आणि तोशी-सानइतकं वाकून पाहिलं. पंजा खटक्याला बरोब्बर पोचला. पांढऱ्या खटक्यावर तपकिरी ओरखडाही होता.

म्हणजे खटका तोशी-साननीच पाडला होता. व्यायामशाळेत जाताना, पत्रकात लिहिलं होतं म्हणून. मग वीज आल्यावर त्याच पंजाने वर का ढकलला नाही?

तिने पत्रक पुन्हा वाचलं. सूचनेची शेवटची ओळ आतापर्यंत कुणी वाचली नसावी. परत आल्यावर, शेजारच्या घरात दिवे लागलेले दिसल्यावरच खटका वर करा.

मित्सुयो खिडकीपाशी आली. तिथे एक बसायची गादी होती, मधे खोलगट झालेली, पाण्याची रिकामी बाटली आणि हातपंखा. गादीवर बसलं की समोर एकच गोष्ट दिसत होती, हिराता-सानच्या घराची पुढची खिडकी.

ती तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि तिने ते येऊ दिलं. मग ती उठली. गादी उचलली, झटकली आणि कपाटात इतर गाद्यांच्या खाली सरकवून टाकली. बाटली आणि पंखा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

६

होंजोला दिवा आणि पाठ खाजवणी दाखवायला फार वेळ लागला नाही. कुंडीवर तिने हात धरला तसा दिवा पेटला आणि होंजोच्या तोंडाचा आ झाला. "खटका पाडला, आणि वीज आल्याचं कळण्याआधीच उष्म्याने चक्कर आली असणार," ती म्हणाली. "पोरगा निर्दोष आहे. सोडा त्याला."

"आणि फडकं?"

"ते माझ्यावर सोडा. त्यात गुन्हा नाही."

होंजोने थोडा विचार केला, घाम पुसला आणि मान हलवली. नाओयाला तिने वाटेत गाठून एवढंच सांगितलं की काकू आत बिछान्यावर होत्या असं सगळ्यांना सांग, का ते विचारू नकोस. त्याने विचारलं नाही. शिवणाच्या वर्गातही तो असाच होता.

ऊन उतरताना ती हिराता-सानच्या ओट्यावर बसली. घरात पंख्याचाही आवाज नव्हता. वीज आल्यापासून या माणसाने पुढच्या खोलीत दिवा लावला नव्हता, एसी तर नाहीच. काळोख पडायच्या आत जेवून, समोरचा दिवा लागलेला दिसला की तो मागे समुद्राच्या बाजूच्या खोलीत जाऊन पडायचा. इनाबांनी काल भोंग्यावरून त्यांचं नाव घेऊन कौतुकही केलं होतं.

"वरच्या दांडीला बांधत होता तुम्ही," ती म्हणाली.

हिरातांनी समोरच्या फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाकता येत नाही मला. कंबर गेलीय."

"एप्रिलपासून?"

"आठवड्यातून एखाददा. ती विसरली की. तिसऱ्यांदा चुकली असती तर नेली असती तिला." ते हाताकडे बघत बोलत होते. "मग मी समोर कुणाला बघणार? आम्ही काही फार बोलायचो असं नाही हो. सकाळी ती फाटकाशी यायची, मान हलवायची. मी हलवायचो. झालं. पण ते नसलं तर दिवस कुठून सुरू करायचा?"

"गुरुवारी..."

"वाटलं, उकाड्याने रात्रभर झोप नसेल, आता लागली असेल. खिडकीत दिवा बघितला होता ना. म्हटलं झोपू दे. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी वाटलं दार वाजवावं. फाटकापर्यंत गेलोसुद्धा. मग वाटलं, एकट्या बाईच्या दारात सकाळी सकाळी..." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. "मी फडकं लावलं नसतं तर तुम्ही गुरुवारीच आत गेला असता. मी मारलं तिला."

"नाही." मित्सुयोने त्यांच्या हातावर हात ठेवला. अकरा वर्षांत त्या हाताला कुणी हात लावला नसावा, तो दचकला. "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. वीज आल्याचं त्यांना कळलंच नाही, खटका पाडलेलाच राहिला; खिडकीतला दिवा उन्हावर चालणारा होता. उकाड्याने बुधवारी रात्रीच गेल्या त्या. गुरुवारी तुम्ही बांधलंत तेव्हा फार उशीर झाला होता. तुमच्या फडक्याने काही बिघडलं नाही. ऐकताय ना? काहीही बिघडलं नाही."

तो म्हातारा माणूस तोंडावर टॉवेल धरून रडला. मित्सुयो समोरच्या ताडपत्रीकडे बघत बसली. आपण खरं बोलून एका माणसाला सोडवलं, असं तिला क्षणभर वाटलं.

"पण वीज आल्याचं तिला कळलं कसं नाही?" हिराता टॉवेलमधूनच म्हणाले. "मंगळवारची आलीय. बुधवारचा अख्खा दिवस गेला."

"यंत्र बंद होतं कानाचं."

"ऐकू येत नव्हतं, पण दिसत तर होतं. दिवे तर..." ते थांबले. टॉवेल खाली आला. त्यांची नजर स्वतःच्या घराच्या पुढच्या खिडकीकडे गेली आणि तिथून समोरच्या खिडकीकडे. "सेकी-सान, ती कुठे सापडली?"

"आत. बिछान्यावर."

"खिडकीशी नाही?"

"नाही. खिडकीचा पडदाही ओढलेला होता," मित्सुयो म्हणाली. मुलांच्या हातून सुई घेताना ती जशी डोळ्याला डोळा भिडवायची, तसं भिडवून म्हणाली. "त्यांना बाहेरचं काही दिसतच नव्हतं, हिराता-सान."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच मान हलवली, फाटकावरून शेजारणीला हलवावी तशी.

"बरं झालं," ते म्हणाले. "चहा घ्या. कोमट झालाय."

तिने तो पूर्ण प्यायला आणि टेकडी उतरली. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं. पडदा ओढलेला असता, तर त्यांना रोज संध्याकाळी तो दिवा दिसला असता कसा?

७

दुसऱ्या दिवशी तोशी-सानचे अंत्यविधी झाले. संध्याकाळी वीज जपून वापरण्याची विनंती इनाबांनी भोंग्यावरून पुन्हा केली आणि गाव आज्ञाधारकपणे मिणमिणलं. मित्सुयो भांडी घासून पडवीत आली तेव्हा तिला वेळूच्या बनाच्या वर उजेड दिसला. आग लागली की काय म्हणून ती अनवाणीच रस्त्यावर धावली.

आग नव्हती. वळणावरून हिराता-सानचं घर दिसत होतं. पुढच्या खोलीतला दिवा लागलेला होता. मागचा लागला होता, न्हाणीघरातला, ओट्यावरचा, जाळी ठेवायच्या पडवीतलासुद्धा. घरातली एकूणएक खिडकी उघडी होती आणि सगळा उजेड समोरच्या रिकाम्या घरावर पडला होता. ओट्यावर हिराता-सान पाठ ताठ ठेवून बसले होते.

मित्सुयोने हाक मारली नाही. ती घरी परतली. त्या उन्हाळ्यात तिनेही सूचना पाळून पडवीतला दिवा लावला नव्हता. आज लावला. हिराता-सानच्या ओट्याच्या टोकाला उभं राहिलं की बनाच्या फटीतून तो आणि तिचं फाटक दिसतं, हे तिला माहीत होतं. झोपायला जाताना तिने तो मालवला नाही.

सकाळी फाटकावर फडकं बांधायला ती मुद्दाम उशिरा उठली. नऊ वाजून गेले असतील. दार वाजलं. बाहेर कमरेवर हात ठेवून, टेकडी उतरून दमलेले हिराता-सान उभे होते.

"फडकं दिसलं नाही," ते रागाने म्हणाले. "म्हटलं, या वेळी दार वाजवावं."